हाताला हार

"भावजी, माझ्या हाताला हार घातलाय तुम्ही," वासंतीवहिनी म्हणाल्या.

बळवंतरावांनी वर पाहिलं. भिंतीवर त्यांच्या बायकोचा, अलकनंदाचा फोटो होता. फोटोला झेंडूचा ताजा हार होता. आणि हाराखाली, अलकनंदाच्या खांद्यावर, एक हात होता. बोटं, बांगड्या, पोवळ्याची अंगठी. बाकी बाई फोटोत नव्हती. बाकी बाई समोर सोफ्यावर बसून तोच हात चोळत होती.

"जिवंत माणसाच्या हाताला हार! तेव्हापासून मनगट धरलंय माझं. फरीदाबादचा डॉक्टर म्हणतो, व्हिटॅमिन डी कमी आहे. त्या बिचाऱ्याला काय माहीत, इथे दिल्लीत, तुमच्या द्वारकेत काय चाललंय ते."

यतीन, बळवंतरावांचा मुलगा, तोंड फिरवून हसला. आई गेल्यापासून घरात कोणी हसलं नव्हतं, त्यामुळे त्याला कोणी रागावलंही नाही.

घोळ असा होता की अलकनंदा गेली तेव्हा तिचा फोटोच सापडेना. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या अल्बमात ती दरवर्षी होती, पण पाठमोरी, मसालेभात वाढताना. त्या पाठीवरून मंडळातल्या कोणीही तिला ओळखलं असतं, पण पाठीला हार घालायची पद्धत नाही. आधार कार्डावर फोटो होता. मात्र त्यातली बाई अलकनंदा आहे, हे फक्त सरकारला ठाऊक होतं. शेवटी यतीनच्या साखरपुड्याच्या ग्रुप फोटोत ती सापडली. चक्क समोर बघत होती. आजूबाजूचे सगळे कापून काढले. शेजारच्या थोरल्या जावेचा हात तेवढा कापता येईना, कारण त्याच्याबरोबर खांदा गेला असता.

या जावांचं आयुष्यभर पटलं नव्हतं. आमटीत गूळ घालावा की नाही, यावर दोघी एकदा अख्खी दिवाळी अबोल होत्या. आता भिंतीवर एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर कायमचा पडला होता. बळवंतरावांना तो रोज खटकायचा. हाताच्या वजनाने अलकनंदाचा खांदा एका बाजूला कललाय, असंही त्यांना वाटायचं.

यतीनने एका ॲपवर हात काढून बघितला. ॲपने हात काढला. जाताजाता नाकाजवळचा तीळ काढला, पुढचा वाकडा दात सरळ केला आणि रंगही उजळ करून दिला.

"या कोण?" बळवंतरावांनी आदराने विचारलं, कारण बाई अनोळखी होत्या.

"हे बघा," वहिनींनी तोड काढली, "एक तर हा फोटो उतरवा. नाहीतर माझा एक छान फोटो काढून शेजारी लावा. दोन्ही हात असलेला, बिनहाराचा. म्हणजे वर कळेल, ही बाई अजून आहे म्हणून. वर्षश्राद्धाच्या आत झालं पाहिजे."

फोटो उतरवणं शक्य नव्हतं. अलकनंदाचा चेहरा घरात तेवढा एकच होता.

"बाबा, मोबाइलवर काढू ना यार," यतीन म्हणाला.

"मोबाइल दात सरळ करतो," बळवंतराव म्हणाले. मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला माणूस फाइल अशीच बंद करतो.

चांदनी चौकातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवरच्या सरदारजींनी विचारलं, "पहला कैमरा है, अंकल?"

"पहला और आखिरी. सिर्फ चेहरा खींचना है."

"तो बॉडी सेकंड हँड ले लो, लेंस अच्छा लो. ये फिफ्टी एमएम. पोर्ट्रेट के लिए बिल्कुल मक्खन. पीछे का सब धुँधला कर देगा."

"ज़ूम?"

"ज़ूम इसमें नहीं है. आगे-पीछे आपको खुद होना पड़ेगा."

"घुटनों की वॉरंटी है?"

सरदारजी हसले. मग त्यांनी कॅमेरा दुकानातल्या पोऱ्याकडे रोखला. स्क्रीनवर पोऱ्याच्या चेहऱ्याभोवती एक हिरवा चौकोन उमटला. "देखो. चेहरा अपने आप ढूँढता है. दिखा नहीं कि पकड़ा."

बळवंतराव त्या चौकोनाकडे बघत राहिले. "कोई भागने वाला हो, तो भी?"

"बच्चा है घर में?"

"नहीं. मिसेज़ थीं."

 सरदारजींनी न मागता लेन्स पुसायचं एक कापड पिशवीत टाकलं.

रविवारी वासंतीवहिनी अबोली साडी नेसून आल्या. खिडकीचा उजेड चांगला येतो म्हणून त्यांना खुर्चीवर नेमकं फोटोखाली बसवलं. दोन्ही हात मांडीवर, दिसतील असे. पण पहिल्यांदा कॅमेऱ्यात नुसतं नाक आलं. बळवंतराव मागे सरकले. हात येईनात. आणखी मागे. उंबरा ओलांडून ते स्वयंपाकघरात गेले, तेव्हा ओटा पाठीला टेकला. आयुष्यभर अलकनंदा इथेच उभी असायची.

"वहिनी, एक विचारू? साखरपुड्याला तुम्ही तिच्या खांद्यावर हात का ठेवला होता?"

"ठेवला कुठला? दाबून धरली होती तिला! फोटोवाला रेडी म्हणाला की ही बासुंदी बघायला पळणार. म्हटलं, एकदा तरी थांब की गं! तरी उठतच होती. बघा ना, खांदा कसा वाकडा आलाय."

बळवंतरावांनी भिंतीवरच्या त्या खांद्याकडे पाहिलं. त्यांनी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. हिरवा चौकोन वहिनींच्या चेहऱ्यावर उमटला, थरथरला, आणि उडी मारून वर भिंतीवर गेला. तिथे तो अलकनंदाच्या चेहऱ्याभोवती बसला आणि हलेना.

"हलू नका," बळवंतराव म्हणाले.

"कधीची पुतळ्यासारखी बसलेय, भावजी!"

"तुम्हाला नाही."

त्यांनी बटण दाबलं.

वहिनींनी कॅमेरा हातात घेतला आणि चष्मा वर-खाली केला. "मी कुठाय?"

"पुढे. ते अबोली आहे ना, ते तुम्ही."

अबोली ढगाच्या मागे अलकनंदा होती. तिळासकट, दातासकट, उठायच्या बेतात. आणि खांद्यावर हात, अंगठीच्या खड्यासकट स्वच्छ.

"परत काढतो, वहिनी. चौकोन चुकला."

वहिनी बराच वेळ बघत होत्या. "दात दिसतोय तिचा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कॅमेरा परत दिला आणि मनगट चोळलं. "हार जरा वर बांधा, भावजी. हात मोकळा राहू दे. धरायला लागतो तिला."

बळवंतरावांनी स्टूल ओढलं आणि गुडघा धरत वर चढले. स्टूल डगमगत होतं. वहिनींनी ते खालून धरलं, दुखऱ्याच हाताने.