विझणारी ट्यूब

त्या उन्हाळ्यात पुंडलिकनगरातल्या घराघरांत एक ट्यूब जुनीच राहिली होती. बाकीचे दिवे लोकांनी केव्हाच बदलून टाकले होते. स्वयंपाकघरात एलईडी आला, न्हाणीत आला, देवासमोरचा झिरोचा बल्बसुद्धा गेला. पुढच्या खोलीतली चोकवाली ट्यूब मात्र कोणी हलवायला तयार नव्हतं.

वाळूजच्या दिव्यांच्या कारखान्यात पुण्याहून साहेब होऊन आलेल्या विश्वजित सरांनी त्या ट्यूबचा अर्थ आल्या आल्या लावून टाकला. "शेवटच्या दिव्यापाशी लोकांचे पैसे संपले," ते म्हणाले. "म्हणजे दिवा आणखी स्वस्त करायला हवा."

हिमानी त्याच कारखान्यात बाजारपाहणीचं काम करायची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, मोजकं बोलणारी. नोकरी वर्षाच्या करारावर, आणि करार पुढं चालू ठेवायचा की नाही हे विश्वजित सरांच्या हातात. लोक कमी विजेचे दिवे का घेतात, यावर देशभराचा अहवाल दिल्लीच्या मुख्य कार्यालयात जायचा होता. त्यातलं मराठवाड्याचं प्रकरण तिचं होतं. त्यात पहिलं कारण तिनं लिहिलं होतं: पाणी.

"पाणी?" सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, आपण दिवे विकतो, टँकर नाही."

"बायकांनी हेच सांगितलं, सर. पाहणी करणाऱ्या मुलांनी ते 'इतर'मध्ये ढकललं होतं. त्यांना वाटलं, छत गळतं म्हणून."

"मग गळत असेल."

"जायकवाडी धरण तळाला गेलंय, सर. छत कशानं गळेल?"

सर हसले नाहीत. "वीजबिल लिही. सरकारी योजनेतले स्वस्त दिवे लिही. भारनियमनात इन्व्हर्टर जास्त वेळ पुरतो, ते लिही."

"लिहिलंय. ती कारणं खरीच आहेत. पण ती पाण्याच्या खाली येतात."

"पाणी काढून टाक." त्यांनी टेबलावरच्या खोक्यातून एक नवा दिवा उचलला. आतलं सर्किट साधं करून स्वस्त केलेला हा दिवा त्यांच्याच आग्रहानं तयार झाला होता. तिचा अहवाल अनुकूल गेला, की तो बाजारात उतरणार होता. "बजेट हेच कारण आहे, आणि हे त्याचं उत्तर."

"काढणार नाही," हिमानी म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, म्हणून सरांना ते दोनदा ऐकावं लागलं. "आज आमच्या गल्लीत पाण्याचा वार आहे. हा दिवा घेऊन संध्याकाळी या. मग सांगा."

हिमानीच्या शेजारी सरूबाई राहायच्या. देवगाव रंगारीहून नवऱ्याच्या नोकरीपायी शहरात आलेल्या, पण बोलणं अजून गावच्या पारावरचं. संध्याकाळी आपल्या घरी सरांना खुर्ची देत त्या म्हणाल्या, "बसा सायब. आमच्याकडं सध्या चहा मागायचा, पाणी मागायचं नाय."

सरांनी आपल्या हातानं नवा दिवा स्वयंपाकघरात लावला. मधल्या खोलीत कारखान्याचा जुना एलईडी होता, पुढं ट्यूब. तिन्ही झकास उजळले होते. बाहेर दिवेलागण झाली. सर घड्याळ बघू लागले, सरूबाई ट्यूबकडं.

ट्यूब एकदा फडफडली, कडांना लाल झाली आणि विझली.

"आलं!" सरूबाई ओरडल्या. त्यासरशी खाटेखालून पाणी ओढायची मोटार बाहेर आली, पाइप उलगडला. सगळ्या गल्लीत तेच चाललं होतं. "आलं, आलं" या घरातून त्या घरात जात होतं आणि मोटारींची घरघर एकात एक मिसळत होती. सरूबाई पाइपाचं टोक घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या आणि आतून भांड्यांचा खणखणाट झाला.

"कुणी लावलाय हा मेला दिवा? मला हंडा दिसंना!"

सरांचा नवा दिवा ठार काळा पडला होता. मधल्या खोलीतला जुना मात्र जळत होता, जरासुद्धा मंद न होता. हिमानीनं व्होल्टमीटरच्या तारा सॉकेटमध्ये धरल्या आणि आकडा त्यांच्यापुढं केला. एकशे चाळीस. एरवी तिथं दोनशे तीस असायचे.

"वरच्या गल्लीत पाणी आधी येतं. तिथल्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज कोसळतं," ती म्हणाली. "ट्यूब विझते. तुमचा दिवा विझतो. जुना टिकतो, म्हणून लोक तो घेतात. पाणी भरताना उजेड हवा ना!"

"आणि मग ती ट्यूब..."

"ती घंटा आहे, सर. विझली की समजायचं, नळाला पाणी आलं. म्हणून तेवढी कोणी बदलत नाही."

सरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला पटलं. पण हे लिहिता येणार नाही. नळाला थेट मोटार लावणं बेकायदेशीर आहे. आपला दिवा पाणीचोरांमुळं खपतो, असं दिल्लीला कळवू?"

सरूबाईंच्या कानांना मोटारीची घरघर आड येत नव्हती. "चोर कुणाला म्हणता सायब? आठ दिवसांनी येतंय, ते बी करंगळीएवढं. मोटार काढते मी, तुम्ही तोंडानं ओढता का?"

"मावशी, तसं नाही..."

"व्हय, तसंच!"

सर हिमानीकडं वळले. "तडजोड करू. 'विजेच्या दाबातले चढउतार' असं लिही. पाणी नको, मोटार नको. जूनमध्ये तुझ्या कराराचं मी बघतो."

तिला हे अपेक्षित होतं. तरी करार हा शब्द कानावर आला तेव्हा तिनं मीटरच्या तारा सॉकेटमधून काढून गुंडाळल्या. घरभाडं, आईचं औषध, सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं होतं.

"चढउतार लिहिलं तर दिल्लीचे इंजिनिअर दहा-वीस व्होल्टचा फरक धरतील आणि तुमचाच दिवा पास करतील," ती म्हणाली. "मग पाणी येईल तेव्हा या बायका अंधारात हंडे चाचपत बसतील. नाही, सर. हे चढउतार नाहीत. हे पाणी आहे."

तिनं फोन काढला. अहवाल कालपासून तयार होता. मोटारीचा उल्लेख त्यात होता, मागच्या पाण्याच्या वारी तिनं मोजलेला एकशे चाळीसचा आकडा होता, नवा दिवा उतरवू नये हेही स्पष्ट शब्दांत होतं. विश्वजित सरांच्या डोळ्यांदेखत तिनं तो दिल्लीला पाठवला.

"खाली तुमचं नाव नाही," ती म्हणाली. "फक्त माझं आहे."

सर उठले. अंधाऱ्या स्वयंपाकघरात चाचपडत त्यांनी आपला दिवा काढला.

"न्या न्या सायब," सरूबाई म्हणाल्या. "पुण्यात लावा. तिथं नळ रोज येतो म्हणत्यात."

ते गेल्यावर हिमानीनं ओढणी कमरेला खोचली आणि पाइप धरला. ड्रम भरले, हंडे भरले, कळशा झाल्या. शेवटी ट्यूब फडफडून लागली, म्हणजे पाणी गेलं. सरूबाईंनी मोटार खाटेखाली ढकलली आणि पदरानं हात पुसत विचारलं, "पोरी, नोकरीचं काय आता?"

"बघू," हिमानी म्हणाली. "आता माझा ड्रम उचलू लागा."