सातवा दात

मी बोलतोय, पण आवाज शोधू नका. कपाटाच्या तिसऱ्या खणात, कापसावर नखाएवढा शंख पडलाय ना? तोच मी. एके काळी माझ्यात एक समुद्री गोगलगाय राहायची. ती गेली, समुद्र हटला, माझा दगड झाला. लाखो वर्षं कड्याच्या पोटात गप्प पडून होतो आणि खरं सांगतो, मला कसलंही दुःख नव्हतं. दुःख म्हणजे काय, ते मला माणसांत आल्यावर कळलं.

मी सापडलो एका मुलीला. तिची आई जुन्या शंखांची अभ्यासक. आईबरोबर कड्यापाशी आलेली ही लेक कंटाळून चपलेतले खडे झटकत बसली होती. त्या खड्यांत मी!

"आई, हा बघ! याच्या तोंडात दात आहेत!"

आईने भिंग लावलं आणि तिचा चेहराच बदलला. शंखाच्या तोंडाच्या कडेला बारीक उंचवटे असतात, त्यांना ही मंडळी दात म्हणतात. तोवर सापडलेल्या माझ्या भाऊबंदांना पाचच. मला जास्त. म्हणजे मी नवी जात!

"याला तुझं नाव देणार," आई म्हणाली. लेकीचे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते.

पण नव्या जातीचं वर्णन छापावं लागतं, आणि त्यात दात मोजून लिहावे लागतात. सहा स्वच्छ दिसत होते. सातव्याच्या जागी दगड चिकटलेला. तो सुईच्या टोकाने कणाकणाने काढायचा. जोर लावला तर दातच जायचा. बाईंचा हात सावकाश, स्वभाव त्याहून सावकाश. शिवाय एकदा मोजलेलं तीन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं, हा त्यांचा शिरस्ता.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सुया त्याच्याच. तो चिडवायचा, "अगं, सहा काय नि सात काय! लिहून टाक की."

"अंदाजाने घालायला हे काय भाजीतलं मीठ आहे?"

मग लेक आजारी पडली. रक्ताचा आजार होता. औषधांनी केस गेले, हात काड्यांसारखे झाले, पण थट्टा गेली नाही. पलंगावरून विचारायची, "आई, झाले का गं दात मोजून? माझं नाव छापलेलं पान मला हातात धरायचंय."

"होतच आलं, बाळा."

वर्षभर हेच उत्तर. दवाखान्याच्या फेऱ्यांतून तासभर मिळाला की बाई सुई घेऊन बसायच्या. मला ओरडावंसं वाटायचं, अहो, लिहा काहीही! तोंड होतं, दात होते, आवाज तेवढा नव्हता. एका दुपारी लेक गेली.

आठ महिने माझ्यावर फडकं होतं. मग बाईंनी ते बाजूला केलं आणि दगडाचा शेवटचा कण निघाला. सात. तीन दिवस मोजले, सातच. वर्णन लिहिलं, लेकीच्या नावाने नवी जात. पाकीट चिकटवायचं तेवढं बाकी होतं, आणि टपालाने एक नियतकालिक आलं. दुसऱ्या शहरातल्या कुणाला माझ्याच जातीचा एक शंख सापडला होता. त्याने जातीला आपल्या गुरूंचं नाव देऊन टाकलं होतं. जो आधी छापेल त्याचंच नाव कायम, असा यांचा नियम.

त्या वर्णनात लिहिलं होतं, "दात सहा किंवा सात."

बाईंनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. "एवढं चाललं असतं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. वाचणाऱ्यांनो, तुमची कुणी वाट बघत असेल, तर माझ्यासारख्याच्या दातांपायी त्याला थांबवू नका. हात जोडता येत नाहीत, म्हणून तोंडानेच विनवतोय.

आज बाईंनी खणात माझ्याशेजारी ठेवायची, माझ्या ओळखीची चिठ्ठी लिहिली. वर त्या अनोळखी गुरूंचं नाव, वळणदार अक्षरात. खाली एक ओळ असते, कुणाला सापडला याची. ती कुणी वाचत नाही. तिथे त्यांनी लेकीचं नाव लिहिलं.

नवऱ्याने वाकून ते मोठ्याने वाचलं, जेवायला हाक मारावी तसं. क्षणभर दोघंही दाराकडे बघत राहिले. मग बाईंनी खण बंद केला.