तीन काचांची खिडकी

कॉर्टेझला माझा पत्ता वर्तमानपत्रातून मिळाला. फोटोत मी माझ्या लेकीला, ओपलला, कडेवर घेऊन नव्या घराच्या पायरीवर उभी, महापौरबाई किल्ली देताहेत, आणि माझ्या खांद्यामागे घराचा नंबर. वीतभर उंच, लख्ख.

क्लीव्हलँडच्या आमच्या गल्लीत जळक्या घरांच्या जागा वर्षानुवर्षं ओसाड पडल्या होत्या. त्यांवर शहरानं आमच्यासारख्यांना परवडतील अशी घरं बांधायला घेतली. छपरावर सौर पॅनेल, हातभर जाड भिंती, तीन-तीन काचांच्या खिडक्या. इंजिनियर म्हणाला होता, "बाहेर गोळ्या चालल्या तरी आत बाळ जागं व्हायचं नाही." मला तिथंच रडू फुटलं. लहानपणी गोळ्यांचा आवाज आला की आम्ही भावंडं आजीच्या आंघोळीच्या लोखंडी टबात एकमेकांवर पडून राहायचो. माझ्या ओपलला ते करावं लागणार नव्हतं.

शेजारच्या मिस अर्लीनना मात्र घर पसंत नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई, उरलेल्या मोकळ्या तुकड्यात भाजी लावायची.

"थर्मासात राहतेस तू, पोरी. काल घसा फुटेस्तोवर हाका मारल्या भाजी द्यायला. शेवटी मीच शिजवून खाल्ली."

"बेल आहे की, मिस अर्लीन."

"बेल पाहुण्यांना. शेजाऱ्याला तोंड असतं."

म्हणून रविवारी दुपारी बेल वाजली तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हरली म्हातारी! हसतहसतच दार उघडलं.

कॉर्टेझनं आधी पाय आत घातला, मग खांदा. ओपल पोटात असताना त्यानं माझा हात मोडला होता. त्यापायी तो तुरुंगात गेला होता, आणि सुटल्यावर माझ्या जवळपास फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता. त्यानं पाठीमागे दार लोटलं. हलकासा खट्ट आवाज झाला आणि गल्ली नाहीशी झाली.

"छान आहे गं घर. मला नाही बोलावलंस?"

"बाहेर हो, कॉर्टेझ."

त्यानं माझ्या वेण्या मुठीत गुंडाळल्या आणि तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. दात तुटल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मी किंचाळले. तो थांबला, कान देऊन ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. जुन्या घरात त्यानं हात उगारला की वरच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्यानं फरशी ठोकायची. तेवढ्यानं तो भानावर यायचा. इथं कुणी काही ठोकलं नाही.

"ओरड," तो म्हणाला. "हवं तेवढं ओरड."

मग त्यानं मला बरगडीत लाथ घातली आणि उंच खुर्चीतून ओपलला उचललं. तिच्या गालाला रताळं लागलं होतं. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

"ही माझी आहे. घेऊन चाललो."

शेगडीवर आजीचा बिडाचा तवा होता, मासे तळत होते. उकळतं तेल. पण लेक त्याच्या छातीशी. मी तवा सिंकमध्ये उपडा केला, मासे, तेल, सगळं. तव्याच्या दांड्याला फडकं गुंडाळायला वेळ नव्हता. कातडी चरचरली. तसाच तो दोन्ही हातांनी उचलून मी खिडकीवर हाणला.

पहिली काच फुटली.

"वेडी झालीस? मी इकडं आहे," तो हसला.

दुसरी फुटली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. एका हातात ओपल, दुसऱ्या हातानं त्यानं माझा गळा मागून आवळला. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी त्याच्या मनगटाला चावले, हाड लागेपर्यंत. पकड सुटली, आणि तिसऱ्या काचेतून तवा आरपार बाहेर गेला.

गल्ली एकदम आत आली. कुत्रं, आइस्क्रीमवाल्याच्या गाडीची धून, मिस अर्लीनच्या रेडिओवरची भजनं.

"मिस अर्लीन!" मी ओरडले. तोंडातून रक्त उडालं. "माझी ओपल!"

भजन चालूच राहिलं, पण खिडकीच्या भोकातून कुदळीचं पातं आत आलं, आणि त्यामागे म्हातारीचा चेहरा.

"पोरगी खाली ठेव," ती म्हणाली. "हळू. अंडं ठेवतात तशी."

समोरच्या ओसरीवरून माणसं उतरत होती. पायऱ्यांवर त्यांचे बूट वाजत होते. कॉर्टेझनं ते ऐकलं. त्यानं ओपलला जमिनीवर ठेवलं आणि दाराकडे धावला. पायरीवरच त्यांनी त्याला धरलं. पोलीस येईपर्यंत त्याचं जे झालं ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी थांबवलं नाही. ओपलचे कान माझ्या छातीशी दाबून धरले.

नव्या काचेला दोन महिने लागले. बसवताना शहराचा माणूस बजावून गेला, "ही कायम बंद ठेवा, नाहीतर घरातली ऊब गळून जाईल. बांधलंय कशासाठी मग?"

आता बर्फ पडतंय. ओपल झोपली आहे, गोधडी नाकापर्यंत. खिडकी मी बोटभर उघडी ठेवते. थंडी आत येते, कधी कधी लांबच्या गोळीचा आवाजही. ओपल दचकते, मी थोपटते.

आणि पलीकडून हाक येते, "पोरी, थर्मासचं झाकण सैल आहे ना?"

"आहे, मिस अर्लीन."

"मग झोप."