गर्डर बसवला आहे

हंबीररावानं पलटणीतून साडेसहा हजार पाठवले आणि नानासोंनी शंभर पानी वही आणली. हा त्यांचा धाकटा भाऊ फाल्गुनात पेन्शन घेऊन उंब्रजला कायमचा येणार होता. त्याच्यासाठी सोप्यावर माडी चढवायची होती. घरात अक्षर चांगलं नानासोंचं, म्हणून खर्चाचा अंदाज त्यांनी करायचा. पहिल्या पानावर त्यांनी 'श्रीराम' लिहिलं आणि खाली विटा, वाळू, चुना, परमिटचं सिमेंट, सुताराची मजुरी असं मांडत गेले.

त्या यादीत त्यांनी स्वतःची एक इच्छा घातली. सोप्याच्या मधोमध दोन खांब होते. दर रामनवमीला त्या सोप्यात कीर्तन व्हायचं आणि खांबाआड बसलेल्या बायांना बुवा दिसायचे नाहीत. नानासोंना त्याची रुखरुख होती. कीर्तन कानांनी ऐकावं तितकंच डोळ्यांनीही पाहावं. बुवांचा हात वर जातो, पाऊल मागं येतं, शब्द ओठांवर क्षणभर थांबतो, ते ज्याला दिसलं नाही त्याचं अर्धं कीर्तन गेलं.

"खांब काढायचं हाईत," ते रहिमान मिस्त्रीला म्हणाले.

रहिमान माधवनगरचा. गिरणीच्या चाळी बांधून हात बसलेला माणूस. त्यानं वरची जुनी सागवानी तुळई खालून ठोकून पाहिली.

"काढा की. पर मग लोखंडी गर्डर घालायला लागंल, नानासाब. वर माडी, खाली खांब न्हाई, मग भार ही एकटी सोसणार व्हय?"

"सदुसष्टच्या भूकंपात निम्मी गल्ली बसली, रहिमान. ही तुळई तसूभर हलली न्हाई."

"तवा हिच्या खाली दोन खांब हुतं," रहिमान म्हणाला. "गर्डर आणा, मला कार्ड टाका. मी सोता यिऊन बसिवतो. तवर खांबांना हात लावू नगा."

त्यानं माडीच्या भिंती उचलल्या, वर फळ्यांचं पाटण टाकलं, छप्पर घातलं आणि तो माधवनगरला गेला. वहीत नानासोंनी लिहिलं: गर्डर, गाडीभाड्यासह, अकराशे पन्नास.

गर्डर आणायला ते सांगलीला गेले, तेव्हा पैसे कमरेच्या पिशवीत होते. भंगारवाल्यानं गर्डर दाखवला, भावही जमला. गाडी मात्र दुसऱ्या दिवशी मिळणार होती. संध्याकाळी नानासो कृष्णेच्या घाटाकडं गेले. तिथल्या देवळात एका बुवांचं कीर्तन चाललं होतं. दोन तास ते खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसत बसले. संपल्यावर पाया पडले आणि बोलून गेले, "म्हाराज, यंदा रामजन्माला आमच्या उंब्रजला या."

बुवा तयार झाले. पेटीवाला, तबलजी, जाण्यायेण्याचा खर्च, बिदागी आणि प्रसाद धरून आकडा आठशेच्या वर गेला. धर्मशाळेत कंदिलापाशी नानासोंनी वही उघडली. सिमेंटला जादा द्यावं लागलं होतं, शहाबादी फरशीनं अंदाज ओलांडला होता. गर्डरचेच पैसे तेवढे हाती राहिले होते. हळद विकली की पुढच्या साली आणू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. भूकंप सोसलेली तुळई एक साल सहज काढील. त्या दिवसांत भूकंपातून वाचलेल्या घराची नुसती एक फळी मिळावी म्हणून लोक मागं लागत, तिच्यात देव मानत. नानासोंनीही मानला.

परतल्यावर त्यांनी गावातल्या सिद्धू सुताराकडून दोन्ही खांब कापून घेतले. तुळईला खालून फळ्यांची पेटी मारून वर करडा ऑइलपेंट दिला. "आत लोखंड हाय का लाकूड, कुनाच्या बापाला कळायचं न्हाई," सिद्धू ब्रश धूत म्हणाला. त्याला ती आपल्याच कामाची शाबासकी वाटली होती. नानासो मात्र वर न बघता बाहेर पडले.

भावाला पत्रात हिशेब जुळवून द्यायचा होता. त्यांनी लिहिलं, 'गर्डर बसवला आहे. काळजी नसावी.'

माघात माजघराचं दार चौकटीला घासायला लागलं. हंबीररावाची बायको अंजना म्हणाली, "भावजी, दार लागंना झालंय." सिद्धूनं रंधा मारून दिला. पंधरा दिवसांनी ते पुन्हा घासलं. भिंतीला वरून खाली केसाएवढी चीर गेली.

"कोयना हलली आसंल," नानासोंची बायको मनुबाई म्हणाली. धरणाकडचे हादरे तेव्हा नेहमीचेच होते. मांडणीवरची भांडी किणकिणली तरी कुणी हातातलं काम सोडत नसे. चीर गेली तर बाया शेण-मातीनं लिंपून टाकत. "व्हय, कोयनाच," नानासो म्हणाले आणि चीर त्यांनी स्वतः लिंपली.

हंबीरराव आला. येताच मान वर करून त्यानं करडी पेटी पाहिली. "फस क्लास, दादा! आता रणगाडा चढिवला तरी भ्या न्हाई."

त्या साली सांगलीत गुळाचा भाव पडला होता. भाव चढेपर्यंत थांबायचं म्हणून हंबीररावानं गुऱ्हाळावरून साठ ढेपा आणल्या, एकेक तीस किलोची, आणि माडीवर चढवायला लागला.

"आरं, वर नगं," नानासो जिन्यात आडवे झाले. "मुंग्या लागत्यात."

"मुंग्या खाली लागत्यात, दादा. वर कशाला येतील, पेन्शनीला?" गडी हसले. "आन् गर्डर घातलाय त्यो काय शोभंला?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलली सुद्धा. पण अंगणात सहा गडी, जिन्यात भाऊ, आणि तो भाऊ बावीस वर्षं बर्फात राहून आलेला. नानासो बाजूला झाले. त्या दिवसापासून ते जेवताना तुळईखाली बसेनात.

रामनवमीला सोपा गच्च भरला. पुरुष अलीकडं, बाया पलीकडं, मधे खांब नाहीत. मनुबाई शेजारणीला सांगत होती, "यंदा बुवा दिसत्यात गं नखशिखांत." बुवांनी पूर्वरंग असा बांधला, की म्हातारीकोतारीही टाळी विसरली. मग दशरथाचा महाल, कौसल्येची वाट पाहणं. साडेअकरा वाजून गेले. फुलांनी मढवलेला पाळणा तुळईखालीच मांडला होता, आणि त्याच्याभोवती गल्लीतल्या सगळ्या लेकुरवाळ्या.

टप् करून काहीतरी वाजत्या पेटीच्या पट्ट्यांवर पडलं. पेटीवाल्यानं न बघता ते बाजूला सारलं. खिळा होता. समोरच बसलेल्या नानासोंनी वर पाहिलं. तुळईवरच्या करड्या पेटीच्या दोन फळ्यांमधून बोटभर अंधार दिसत होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तो दोन बोटं झाला.

जन्मात नानासो कीर्तनातून पाणी प्यायलाही उठले नव्हते. चालू कीर्तनात आडवं जाणं म्हणजे देवाला आडवं जाणं, अशा समजुतीत वाढलेला माणूस. ते उठले, बुवांपुढं गेले आणि चिपळ्यांसकट त्यांचा हात धरला.

"म्हाराज, भायेर चला. समदी भायेर चला. लेकरं आदी उचला."

"काय झालं?"

"वरचं येतंय खाली."

गलका उठला. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला ऊन बाधलं. अंजनानं मात्र पाळणाच उचलला आणि बाया तिच्यामागं धावल्या. बुवा अंगणात जाऊन उभे राहिले. सोपा रिकामा झाला. हंबीरराव तेवढा मधोमध उभा राहिला, लाजेनं लाल.

"गावाम्होरं आब्रू घालिवलीस, दादा. गर्डर हाय वर! मी न्हाई जात."

"गर्डर न्हाई."

"काय?"

"आनलाच न्हाई. त्या पैशात बुवा आनलं. तुला खोटं ल्हिलं मी. आता तरी चल भायेर, हंब्या."

हंबीररावानं वर पाहिलं, मग भावाकडं. नानासोंनी त्याला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढलं. बाहेर येताच त्यानं शिडी ओढली आणि माडीच्या खिडकीला लावली. "वजन काढाया पायजे. मी जातो वर."

"तू शिडीवर थांब. ढेपा मी देतो," नानासो म्हणाले.

"दादा, तुझं वय..."

"तुझ्यापरास वजन कमी हाय माझं. आन् चूक माझी."

ते भिंतीच्या कडेकडेनं जिन्यानं वर गेले. खिडकीतून एकेक ढेप येऊ लागली. हंबीरराव ती खांद्यावर घेई, खाली गडी झेलत. अंगणात बुवांनी उन्हातच कीर्तन पुढं धरलं, कारण रामजन्माची घटका कुणासाठी थांबत नाही. लोकांचा एक डोळा पाळण्याकडं, एक खिडकीकडं होता.

"किती झाल्या?" आतून नानासोंचा आवाज आला.

"चौतीस. आता ऱ्हाऊंदे, दादा. उतर."

"मधल्या तेवढ्या काढू दे. पाय खाली दबतोय हितं."

"उतर म्हन्तो ना!"

बारा वाजले. बुवांनी दोन्ही हात वर केले, झांजा कडाडल्या, अंगणभर माणसांनी रामाचा जयजयकार केला आणि गुलालानं अंगण झाकून गेलं. त्या गजरात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. शिडीवर हंबीरराव खिडकीकडं दोन्ही हात पसरून पुढची ढेप घ्यायला उभा होता. ढेप आली नाही. खिडकीतून त्याच्या तोंडावर धुळीचा लोट आला, आणि तो ओरडला, पण पाळण्याची दोरी धरलेल्या बायांना वाटलं, तोही जन्माचा गजरच करतोय.