टॉमसची तोफ, सिद्धेशचा गाडा

तोंड.

ते समुद्राकडे ठेवायचं, असं दिवेआगरच्या ग्रामसभेत ठरलं. चक्रीवादळात माड उन्मळला, तेव्हा मुळांखाली ही तोफ सापडली होती. ती चौकात बसवायला लोखंडी गाडा करायचं काम वेल्डर सिद्धेशला मिळालं.

त्याची बायको रचना शाळेत इतिहास शिकवते. तिला टॉमस मिळाला.

पाठ.

तोफेच्या पाठीवर, बत्ती द्यायच्या कानापाशी, दोन इंग्रजी अक्षरं होती. रचनाने फोटो विलायतेतल्या एका संग्रहालयाला पाठवला आणि तिकडून ती ओतणाऱ्या टॉमस वेकलिंगचं अख्खं आयुष्य आलं. ते ती रोज जेवताना वाढू लागली.

"आधी पाद्र्याकडे नोकर होता हो. तोफा तेव्हा काशाच्या, महाग. ह्याने लोखंडाची ओतायची म्हटलं."

"आमटी वाढ."

"फुटायच्या. उडवणारेच मरायचे. तरी ह्याने भट्टी विझू दिली नाही. रानंच्या रानं जाळली."

"मी पण जाळतो. रॉड."

"तुम्ही गेटं करता."

(सिद्धेश पुढे बोलला नाही. बोलला असता तर: गेट फुटून कोणी मरत नाही.)

"एका फ्रेंच कारागिराने शिकवलं त्याला. पण नाव ह्याचंच उमटलं."

"म्हणजे चोर."

"हेवा वाटतो का हो?"

"चारशे वर्षांपूर्वी मेलेल्याचा?"

वाटत होता.

रचना तोफेचा कान जुन्या टूथब्रशने साफ करायची, फुंकर मारायची. ग्राइंडरच्या ठिणगीने सिद्धेशचा कान भाजला होता. तो तिला दिसला नव्हता.

मध्येच, टपरी.

ग्रामपंचायतीचे शिपाई चंदरकाका: "सिद्धू, तुज्या घरात सवत आली म्हनं?"

"बाईला सवत, काका. मग पुरुषाला काय म्हणायचं?"

"पुरुषाला सबद न्हाय. कधी लागलाच न्हाय."

पालथी.

खंडेनवमीला रचना आधी वेल्डिंग मशीनला कुंकू लावते, हार घालते. यंदा सकाळी ती झेंडूचा हार ओवत म्हणाली, "हा तोफेला. मशीनला उरली तर फुलं."

चौकात हायड्रा क्रेन आली. पट्ट्यात तोफ उचलली. गाड्यावर टेकायचे बाजूचे खुंट कधीच तुटलेले, ती कशीही फिरत होती.

"फिरव," सिद्धेश ड्रायव्हरला म्हणाला. "अजून. अजून. बस."

अक्षरं जमिनीकडे गेली. त्याने वरून लोखंडी पट्ट्या गाड्याला वेल्ड करून टाकल्या. मग मशीनला आणि ग्राइंडरला स्वतःच कुंकू लावलं.

"आरं, पालथी घातलीस की तोफ!" चंदरकाका ओरडले.

रचना हार घेऊन आली. पाहिलं. समजली.

"कापा पट्ट्या."

"पूजा झाली. आज अवजाराला हात लावायचा नसतो."

"कुणी केली पूजा?"

"मीच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. महिन्याभरात एवढा वेळ तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. भीतीही वाटली.

मग तिने हार त्याच्या हातात दिला, पदर खोचला आणि नव्या साडीनिशी गाड्याखाली उताणी शिरली. तोफेच्या पाठीपासून तिचं तोंड वीतभर लांब. गाड्याबाहेर फक्त पावलं दिसत होती.

खालून हात बाहेर आला.

"कुंकू द्या."

सिद्धेशने करंडा दिला. हात आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.