कोल्ह्याच्या रायफलीने हरीण

नवरा वायनो गेल्यापासून हेल्मी कांगासला एकच धास्ती होती. पंधरा नोव्हेंबरला, हरणांच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी, आपण घरातच बसून राहू. अडतीस वर्षं नवरा-बायकोने तो दिवस रानातल्या खोपीत काढला होता. पण खांद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिची खांद्याला दणका देणारी मोठी रायफल बंद केली. उरली ती वायनोची छोटी, कोल्ह्यांसाठीची.

"हिने हरीण मारणार?" दुकानदार रूबेन लाह्ती म्हणाला. "त्यापेक्षा दगड मार."

"दगड फुकट मिळतात. तू काडतुसं दाखव."

त्याने कुरकुरत दोन डब्या मांडल्या. एकीतली गोळी हलकी. कोल्ह्याला ठीक, पण हरणाच्या अंगात ती वरच्यावर फुटते आणि बिचारं जनावर तडफडत फिरतं. दुसरीतली जरा जड, आतपर्यंत शाबूत जाणारी.

"ही घे. याहून जड तुझ्या जुन्या नळीला झेपायची नाही. खांद्यामागे बरगड्यांत मार. आणि हे बघ, आधी..."

"मला शिकवतोस होय रे?" हेल्मीने त्याचं बोलणं तोडलं आणि डबी खिशात टाकून निघालीसुद्धा.

पहिल्या दिवशी सकाळी खोपीपासून शंभर पावलांवर नर आला. काळजाची जागा हेरून, श्वास रोखून तिने गोळी झाडली. हरणाच्या पोटाखाली बर्फ उडाला. ते टुणकन उडी मारून झाडीत शिरलं.

तासभर ती रक्त शोधत फिरली. थेंबही नव्हता. चला, जखमी तरी झालं नाही, म्हणून तिला हायसं वाटलं, आणि मग लाज वाटली.

ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं टोक सोबत्याने कापायचं आणि भिंतीला ठोकायचं, अशी तिथली रीत. खोपीत वायनोच्या शर्टांचे सात तुकडे होते. हेल्मीचा एकही नाही. तिने कात्री काढली. पण चिडवायला कुणी नसताना शर्ट कापायचा तरी कशाला? इतकं एकटं तिला अंत्यविधीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुपारी ती रूबेनच्या दुकानात शिरली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"काप."

दुकानातल्या शिकाऱ्यांनी एकच गिल्ला केला. "अरे, हेल्मीचा शर्ट!" रूबेनने कात्री चालवली.

"नव्या गोळीसाठी रायफलीच्या दुर्बिणीचा नेम बसवून घेतला होतास ना? कोल्ह्याच्या हलक्या गोळीवर बसवलेला असला तर ही जड गोळी खाली लागते. तेच सांगत होतो, पण तू ऐकशील तर शपथ."

"ते वायनो करायचा," हेल्मी म्हणाली.

दरवर्षी रायफल तिच्या हातात यायची ती नेम बसवूनच. आणि ती आपल्या नजरेची फुशारकी मारायची, त्याच्यासमोर. त्याने कधी चकार शब्द काढला नाही.

दुकानातलं हसणं थांबलं. कुणी टोपी काढली, कुणी खाली बघू लागलं.

"थांबलात कशाला?" ती म्हणाली. डोळे भरून आले होते, तरी तिने मान वळवली नाही. "हसा ना रे."