लांब्याची एका माणसाची टीम

अरे, आधी ऐका तर, मग हसा. आपला लांब्या तो सुपरवायझरचा कोर्स करत होता ना, नेतृत्व आणि व्यवस्थापन, लॉण्ड्रीच्या मालकानंच नाव घातलेलं, त्यात सहाव्या युनिटला गाडी अडली. टीममधल्या एका माणसाशी समोरासमोर अर्धा तास बोलायचं, काम कसं चाललंय, पुढं काय करायचंय, आणि परीक्षक बाजूला बसून बघणार. सोपं आहे की नाही? फक्त लांब्याच्या टीममध्ये माणूस एकच, आणि त्या माणसाला त्यानं वर्षभरात बघितलेलंच नाही!

पूर्वी तिथं दोन पाळ्यांत मिळून सात जण होते. मग दोन मोठी मशिनं आली आणि पाच जण गेले. सकाळी सहा ते दोन लांब्या दवाखान्यांच्या चादरी धुणार, वाळवणार. दोन ते चार बॉयलर बंद. चारला इस्त्रीच्या ताई येणार. दोघांचं बोलणं म्हणजे टेबलावरची वही. 'ताई, तीन नंबरचा ड्रायर फार तापतोय, जपून.' दुसऱ्या दिवशी खाली उत्तर: 'जपले. दादा, अभ्रे उलटे येतात, सुलटे करून टाका.' एवढंच! पण लांब्या सकाळी बूटसुद्धा न काढता आधी वही उघडायचा. खोलीवर एकटा, बहीण फोन करणार ती रविवारी, मग त्याच्याशी बोलणार कोण? तुम्ही म्हणाल, थांबायचं होतं एखाद दिवशी चारपर्यंत. थांबून सांगणार काय? तुम्हाला बघायला थांबलो?

तर पठ्ठ्या ड्रायरच्या गोल काचेसमोर खुर्ची टाकून आठवडाभर स्वतःच्याच थोबाडाशी बोलला. आधी कौतुक, मग सुधारणा, मग पुढची योजना. रविवारी बहिणीचा फोन आला तर म्हणे, "ठेवतो, बुधवारी टीमशी बैठक आहे, तयारी करायचीय."

"किती जण आहेत रे टीममध्ये?"

"एक. इस्त्रीच्या ताई."

"मग तिला टीम काय म्हणतोस, शेजारीण म्हण!"

बुधवारी तीनला ताई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीचा चष्मा, आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई, एवढे उंच? आणि अक्षर तर मुंगीएवढं!"

लांब्याचं कौतुक, सुधारणा, योजना, सगळं एका झटक्यात गुल. परीक्षक बाई खिडकीपाशी स्टुलावर, मांडीवर कागद. म्हणाल्या, "मी इथं नाहीच असं समजा." कसं समजायचं हो? पण बोलले दोघं. चादरींवर बोलले, ड्रायरवर बोलले, ताईंनी अभ्र्यांवरून पुन्हा एकदा त्याची हजेरी घेतली, आणि लांब्या तर असा हसत होता की आपण परीक्षेला बसलोय हेच विसरला.

मग त्यानं कागदावरचा शेवटचा प्रश्न विचारला. "ताई, पुढं काय करायचं मनात आहे?"

ताईंनी गळ्यातला चष्मा पदराला पुसला. "एका शिवणकामाच्या कारखान्यात बोलावलंय. कपडे तपासायचं काम. एका टेबलाला आठ बायका असतात. इथं काय, चारला येते, बाराला जाते, तोंड उघडलं तर वाफ तोंडात. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. मालक म्हणाले, सुपरवायझर सोडेल तर जा. तुम्ही थांबा म्हणालात तर थांबेन मी."

परीक्षक बाईंचं पेन हवेत.

आणि बघा, एक शब्द पुरेसा होता. थांबा. ताई खोटं बोलणाऱ्यातल्या वाटत नव्हत्या, राहतील असंच लांब्याला वाटलं. लांब्यानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"जा, ताई," तो म्हणाला. "मालकांना मी सांगतो. तुमच्या कामाबद्दल चिठ्ठीही देतो."

बाईंनी भराभर खुणा केल्या. "उत्तम! माणसाच्या प्रगतीला आधी जागा दिलीत. युनिट झालं तुमचं." पर्स उचलली आणि गेल्यासुद्धा.

लांब्या तसाच बसलेला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "खरं सांगू? नका जाऊ, असंच तोंडात आलं होतं."

"मग म्हणायचं ना!" ताई म्हणाल्या. "गेलेच असते मी. पण ऐकून बरं वाटलं असतं."

चारला अजून वीस मिनिटं होती. घरी जायचं सोडून लांब्यानं चादरीची दोन टोकं धरली, उरलेली दोन ताईंनी. मागं ओढायची, ताणायची, मग चार पावलं पुढं येऊन टोकाला टोक लावायचं. एकट्यानं ही घडी कशी पडायची देव जाणे, दोघांत मात्र भराभर ढीग झाला. टोकं देताना हाताला हात लागायचा, तेवढंच.

चारला बॉयलर पेटला, इस्त्रीचा रूळ घरघरायला लागला. ताईंनी मान वर करून काहीतरी विचारलं. त्या आवाजात लांब्याला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. त्यानं नुसती मान डोलावली, आणि निघाला.